सोयाबीनचं कच्चं पीठ

इरा दहावी झाली, तशी सुहासिनीने अकरावी-बारावीसाठी तिला घेऊन नाशिकला जायचं ठरवलं. तिचा नवरा अरविंद खांबेटे सौदीतल्या दम्माममध्ये एकटा राहिला. कुटुंबाचा फ्लॅट सोडून तो कंपनीच्या व्हिलात राहायला गेला. शेजारच्या खोलीत बेक नावाचा कोरियन इंजिनिअर होता, आणि स्वयंपाकघर दोघांत एकच.

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण अरविंदने गॅस पेटवला असेल तो चहापुरता. तो शाकाहारी, कोपऱ्यावरच्या मल्याळी हॉटेलातली डाळ आणि बखाल्यातला, म्हणजे किराणा दुकानातला, खुबूस नावाचा अरबी पाव यावर त्याचे दिवस चालले होते. पोट कुरकुरायला लागलं होतं, पण ते त्याने घरी कळवलं नव्हतं. फोन दर शुक्रवारी व्हायचा आणि बोलणी ठरलेली असत. इराचे क्लास, आईचं ब्लड प्रेशर, सिलिंडर आला का. फोनकार्डावरची मिनिटं शिल्लक असतानाच बोलणं संपून जाई.

एका शुक्रवारी तो खुबुसाला लोणचं लावून खात बसला होता. बेकने त्याच्यासमोर वाफाळता वाडगा ठेवला.

"मासा नाही," बेक आपल्या तुटक इंग्रजीत म्हणाला. "नेहमी सुक्या मासोळ्या घालतो. आज फक्त अळंबीचं पाणी."

वाडग्यात मुळ्याचा पाला होता आणि त्याला पिठाचे मऊ, पांढुरके गोळे चिकटले होते. अरविंदने घास घेतला आणि तो थांबला. पीठ पेरून केलेली मुळ्याची भाजी कुणीतरी पातळ करून वाढावी, तशी ती चव होती. त्याने वाडगा चाटूनपुसून संपवला आणि हे कसं केलं, असं विचारलं. असा प्रश्न त्याने आयुष्यात कुणालाच विचारला नव्हता.

बेकने फ्रीजमधली पिशवी दाखवली. सोयाबीनचं पीठ. धुतलेला ओला पाला त्यात घोळवायचा, उकळत्या पाण्यात अलगद सोडायचा, वर झाकण ठेवायचं नाही आणि ढवळायचं तर मुळीच नाही. "ढवळलं की पीठ सुटतं," तो म्हणाला. पिशवीत मात्र आता तळाला चमचाभरच उरलं होतं.

पुढच्याच आठवड्यात बेकला महिनाभरासाठी लांबच्या साइटवर पाठवलं. अरविंद टॅक्सी करून शेजारच्या अल खोबर शहरातल्या कोरियन दुकानात गेला. तिथे रफीक नावाचा लखनौचा माणूस काउंटरवर होता. त्याने दोन पिशव्या पुढे केल्या. दोन्हींवर सोयाबीनचं चित्र आणि बाकी सगळं कोरियनमध्ये.

"दोनों सोयाबीन ही हैं साहब," रफीक म्हणाला. "फरक मुझे नहीं मालूम. मालिक छुट्टी पर हैं."

अरविंदने दोन्ही पिशव्या नाकाशी नेऊन पाहिल्या. एकीतून छान खमंग वास येत होता. त्याने तीच घेतली.

त्या संध्याकाळी पाल्याला पीठ काही धरेना. पाण्यात पडताच ते विरघळलं आणि पातेल्यात मळकट, गोडसर रबडी तयार झाली. त्याने दोन चमचे खाऊन पाहिले, पातेलं बाजूला सारलं आणि नाशिकला फोन लावला.

"आज मंगळवार," सुहासिनी दचकून म्हणाली. "काय झालं? बरे आहात ना?"

"बरा आहे. सूप बिघडलं."

"कुणाचं सूप?"

त्याने सगळं सांगितलं. ती हसेल असं त्याला वाटलं होतं, पण तिने एकेक प्रश्न विचारायला सुरुवात केली. पिठाचा रंग कसा आहे? चिमूटभर जिभेवर ठेवा. डाळ्यासारखं लागतं का?

"हो. अगदी डाळ्यासारखं."

"मग ते भाजलेलं आहे. भाजलेलं पीठ चिकटून राहणार कसं? कच्चं आणायला हवं होतं. फिक्या रंगाची पिशवी होती का तिथे?"

"होती."

"ती आणा. आणि हे टाकू नका, गरम दुधात साखर घालून घ्या. चांगलं लागेल."

बोलता बोलता कार्डाची मिनिटं संपली आणि फोन कटला. अरविंदने दूध गरम केलं. ते खरंच चांगलं लागलं.

कच्चं पीठ आणल्यावरही पहिल्यांदा सूप उतू गेलं, कारण सवयीने त्याने झाकण ठेवलं होतं. सोयाबीनचा फेस शेगडीवर वाळून कडक झाला आणि तो खरवडण्यातच त्याची सुट्टी गेली. हेही त्याने फोनवर सांगितलं. मग मीठ किती, लसूण केव्हा, पाला जून निघाला तर काय, असे प्रश्न निघत राहिले. सुहासिनी स्वतः कोथिंबिरीवर बेसन घालून तसलं सूप करून पाहायची आणि काय बिघडलं ते त्याला सांगायची. "तुमचं पीठ जास्त चिकट दिसतंय," ती म्हणायची, "बेसन लगेच सुटतं."

दिवाळीच्या सुट्टीत मायलेकी दम्मामला आल्या. सौदीबाहेर सहा महिने होण्याआधी परत यावंच लागणार होतं, नाहीतर त्यांचा इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, रद्द झाला असता. बेक तोवर कोरियाला रजेवर गेला होता आणि जाताना त्याने स्वतःची खोली इरासाठी उघडी ठेवली होती.

आल्या त्या संध्याकाळी अरविंदने सुहासिनीला स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसवलं. ती दोनदा उठली. एकदा ओटा पुसायला, एकदा पाला निवडायला. त्याने दोन्ही वेळा तिला खाली बसवलं. मग ती हात मांडीवर ठेवून त्याच्याकडे पाहत राहिली. त्याने पाला पिठात घोळवला, एकेक मूठ पाण्यात सोडली आणि डाव मुद्दाम लांब ठेवून दिला.

"बाबा, you look so serious," इरा म्हणाली.

सुहासिनीने पहिला घास सावकाश खाल्ला. "मीठ कमी आहे," ती म्हणाली, आणि आणखी वाढून घेतलं.

इरा झोपायला गेल्यावर ती बोलली. "मी गेले तेव्हा वाटलं होतं, तुम्हाला इथे आमची आठवण जेवणाच्या वेळेला तेवढी येईल. आता ते पण तुम्हाला जमायला लागलं."

अरविंद भांडी विसळत होता. त्याने नळ बंद केला. "जमलं नाही, म्हणून तुला मंगळवारी फोन केला. आता जमतंय, तरी करतोच आहे ना?"

फडकं घेऊन ती त्याच्या शेजारी उभी राहिली आणि त्याने विसळलेली भांडी पुसू लागली. थोड्या वेळाने म्हणाली, "उद्या मला त्या दुकानात न्या. कच्च्याच्या दोन पिशव्या नाशिकला घेऊन जाते. बेसनाचं काही खरं नाही."

सकाळी तिघं टॅक्सीने अल खोबरला गेली.