तुझंही खरं आहे

विलो बेंडमध्ये भांडण झालं की लोक लॉर्ना हॉगनकडे जात. कुणाच्या कुत्र्यानं कुणाच्या दारात घाण केली, कुणी बर्फ लोटून शेजाऱ्याच्या गाडीपुढे टाकला, काहीही असो. लॉर्ना दोघांनाही आत बोलवायची, पुढ्यात दालचिनीचे गरम रोल ठेवायची आणि आधी याला, मग त्याला म्हणायची, "तुझंही खरं आहे." शाळेच्या स्वयंपाकघरात तिचा जन्म गेला होता. एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या बायकांना एका ओट्याशी उभं करून तिनं शेकडो पोरांची जेवणं काढली होती. लहानपणी बापाचा आवाज चढला की घरात ताटं फुटायची. आवाज चढायच्या आधीच तो खाली आणायचा, हे तिथंच तिच्या अंगात भिनलं.

विलो बेंड म्हणजे मोंटानातल्या एका गावाबाहेर, नदीच्या वळणावर उभे असलेले चाळीसेक ट्रेलर. म्हणायला चाकांची घरं, पण चाकं केव्हाच गंजून मातीत रुतलेली. घर ज्याचं त्याचं आणि खालची जमीन एका म्हाताऱ्या मालकाची. तो त्या उन्हाळ्यात वारला आणि त्याच्या मुलींनी जमीन विकायला काढली. परराज्यातली एक कंपनी टपूनच होती. पण मुलींनी माणुसकी दाखवली. "तुम्ही सगळे मिळून घेत असाल तर ऑक्टोबर संपेपर्यंत थांबतो," म्हणाल्या.

अशा रहिवाशांना मदत करणारी एक संस्था होती. तिच्यातर्फे प्रिसिला नावाची बाई हेलेना शहराहून यायची. रहिवाशांनी चौघांची समिती निवडली: लॉर्ना, ट्रकवाला ड्वाइट केसल, नर्सिंग होममध्ये म्हाताऱ्यांची सेवा करणारी रमोना तफोया आणि निवृत्त गवंडी व्हर्जिल स्ट्राउड. बैठकीला दुसरी जागा नव्हती, म्हणून सगळे कपडे धुवायच्या सार्वजनिक खोलीत बसत. बसायला घडीच्या खुर्च्या आणि पाठीमागे घरघरणारी यंत्रं.

"कर्जाचं मी बघते," प्रिसिला पहिल्याच दिवशी म्हणाली. "तुमचं तुम्ही जमवा. जमिनी पैशापायी हातच्या जात नाहीत, माणसांपायी जातात. प्रत्येक समितीत एक रेटणारा असतो, एक सटकणारा असतो, एक हट्टानं धरून बसणारा असतो. आणि एक लोणी लावणारा."

सगळ्यांनी लॉर्नाकडे बघितलं आणि खोली हसली. लॉर्नाही हसली. तिला ते आवडलंच होतं.

"लोणी वाईट नाही," प्रिसिला म्हणाली, "पण शेवटच्या दिवशी मला तुमचं मत लागेल."

अडलं ते नदीकाठच्या खालच्या रांगेपाशी. तिथल्या मैल्याच्या टाक्या फुटत आल्या होत्या आणि जमीन घ्यायची तर त्या आधी बदलायला हव्या होत्या. ड्वाइटनं सरळ सांगून टाकलं, "खालची सहा घरं वगळा. त्यांची घाण आम्ही का निस्तरायची?" त्या सहांतलं एक घर रमोनाचं होतं. ती आणि तिची ऑक्सिजनवर असलेली आई तिथं राहत. "घेऊ तर सगळे घेऊ," रमोना म्हणाली, "नाहीतर मी सही करणार नाही." व्हर्जिल उठला. "तुम्ही ठरवाल त्याला माझं हो," म्हणाला आणि ट्रकचं तेल बघायला बाहेर गेला. आवाज चढला की त्याला हटकून ट्रकचं तेल आठवायचं.

त्या आठवड्यात ड्वाइट लॉर्नाकडे आला. दोन रोल खाल्ले आणि टेबलावर मूठ आपटली. "मी काय राक्षस आहे का? हिशेबाचं बोलतोय."

"तुझंही खरं आहे," लॉर्ना म्हणाली. "खालचा भार सगळ्यांनी का उचलावा? तू जरा दमानं घे. रमोनाला मी हळूहळू समजावते."

दुसऱ्या दिवशी कामावरून परतताना रमोना आली. डोळे सुजलेले.

"अगं, तुला टाकून आम्ही कुठं जातोय?" लॉर्नानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "ड्वाइट तोंडाचा फटकळ आहे, मनाचा वाईट नाही. त्याला मी वळवते."

ती खोटं बोलत नव्हती. समोर जो बसलेला असे, त्याचं तिला त्या घटकेला मनापासून पटायचं. दोघंही हलकी होऊन घरी गेली. दोघांनाही वाटलं, लॉर्ना आपल्या बाजूची आहे. आणि म्हणून दोघंही एक पाऊलसुद्धा मागे सरली नाहीत.

शेवटच्या रविवारी प्रिसिला कागद घेऊन आली. "आज ठराव हवा. खालची रांग धरून की वगळून?"

"वगळून," ड्वाइट म्हणाला. "आणि लॉर्नाचं माझं बोलणं झालंय."

"काय झालंय?" रमोना ताडकन उठली. "लॉर्ना मला म्हणाल्या, कुणालाच सोडणार नाही!"

"मला म्हणाली, तुला समजावते!"

दोघं वळून लॉर्नाकडे बघायला लागली. एका यंत्रात कुणाचं तरी बटण ठक ठक आपटत होतं.

"मी फक्त तुम्हा दोघांना समजून घेत होते," लॉर्ना म्हणाली.

"समजून घेत होतीस की खेळवत होतीस?" ड्वाइट ओरडला.

व्हर्जिलनं टोपी उचलली. "व्हर्जिल, बसा," प्रिसिला म्हणाली. "इंजिन चालूच ठेवून आलोय," तो पुटपुटला आणि दार लावून गेला.

"लॉर्ना," प्रिसिला शांतपणे म्हणाली, "राहिलं तुमचं मत. तुमचं स्वतःचं. काय करायचं?"

लॉर्नानं तोंड उघडलं. आत चाचपून बघितलं. मत जिथं असायला हवं होतं, तिथं तिला ड्वाइटचा लाल चेहरा दिसला, रमोनाचा रडवेला चेहरा दिसला, त्यामागे आणखी किती तरी चेहरे. तिचा स्वतःचा म्हणून शब्द एकही सापडला नाही. कुणीतरी आता ताट फोडणार, असं तिला वाटलं.

"आज सगळेच तापलोय," ती म्हणाली. "गुरुवारी बसू."

"गुरुवारी मुदत संपतेय."

"मग सकाळीच बसू. मी रोल करून आणते."

गुरुवारी सकाळी ती डबा घेऊन पोचली तेव्हा खोलीत प्रिसिला एकटी होती. वरच्या रांगेतल्यांनी बुधवारीच कंपनीशी परस्पर बोलणं करून खरेदीतून अंग काढून घेतलं होतं आणि ड्वाइट त्यांच्या पुढे होता. तुमचं भाडं वाढवणार नाही, असा शब्द त्यांना मिळाला होता. प्रिसिलानं कागद पिशवीत भरले. एक शब्द बोलली असती तरी लॉर्नाला बरं वाटलं असतं. ती पिशवी उचलून निघून गेली.

हिवाळ्यात जमीन कंपनीची झाली. खालच्या रांगेला बर्फ वितळायच्या आत जागा सोडायला सांगितलं. रमोनाचं घर उचलायला आलेल्या माणसानं खाली वाकून सांगाडा बघितला आणि मान हलवली. हलवलं की मोडणार होतं. मायलेकी ग्रेट फॉल्सला, चुलत बहिणीच्या तळघरात जायला निघाल्या. लॉर्ना निरोपाला गेली. रमोना आईचं ऑक्सिजनचं नळकांडं गाडीत बांधत होती.

"तुम्ही मला तोंडावर नाही म्हणाल्या असतात ना," ती वर न बघता म्हणाली, "तर मी भांडले असते. घरोघर फिरले असते, व्हर्जिलला कॉलर धरून बसवलं असतं. मला भांडता येतं, लॉर्ना. तुम्ही मला भांडूच दिलं नाहीत."

लॉर्नाच्या ओठांवर नेहमीचे शब्द आले होते. ते तिनं गिळले. गाडी गेली. दोन दिवसांनी यंत्र येऊन घर मोडून गेलं.

उन्हाळ्यात वरच्या रांगेचंही भाडं वाढलं. मिळालेला शब्द कुठंच लिहिलेला नव्हता. ड्वाइट कंपनीच्या कचेरीत जाऊन आरडाओरडा करून आला, मग घर मिळेल त्या किमतीला विकून मुलाकडे निघून गेला. जाताना त्यानं लॉर्नाच्या दाराकडे बघितलंही नाही.

सप्टेंबरात कंपनीचा नवा व्यवस्थापक तिच्याकडे आला. गोड बोलणारा माणूस. म्हणाला, "लोक तुमचं ऐकतात म्हणे. आणखी एक वाढ आहे. मी नोटिसा दिल्या की शिव्या खाव्या लागतात. तुम्ही दिल्यात तर लोक शांतपणे घेतील. त्यांच्याच भल्याचं आहे."

नाही म्हणायचं, हे तिला कळत होतं. शब्द इतका लहान होता. पण तो माणूस दारात अवघडून उभा होता, त्याच्या कपाळावर घाम होता आणि त्यालाही वरून कुणीतरी दामटत असणारच.

तिनं कोट घातला.

पहिलं दार व्हर्जिलचं होतं. त्यानं नोटीस घेतली आणि न वाचता घडी करून खिशात टाकली.

"तू आणलीस म्हणजे ठीकच असेल," म्हणाला आणि दार लावून घेतलं.

लॉर्ना पायरी उतरली. मग पुढच्या दाराकडे वळली.