गळ्यापर्यंतचा सूट

गेल्या पौषात डोंगी उलटून भिजलेले बाबा न्युमोनियाने गेले, तेव्हा सांत्वनाला आलेल्या प्रत्येकाने तलावाचं पाणी थंड असतं ही नवी माहिती प्रेमिलाला दिली. आता त्याच डोंगीतून तिचा धाकटा भाऊ गोविंदा सक्करदऱ्याच्या तलावात मासे धरणार होता. म्हणून ती त्याला घेऊन जुन्या मिलिटरी मालाच्या दुकानात आली.

दुकानदाराने पाण्यात अंग कोरडं ठेवणारा, स्वस्तातला रबरी सूट काढला. "एक थेंब अंदर जाणार नाही, बाई! लढाईतून आला हा."

"हरून आलेला दिसते," प्रेमिला म्हणाली. तिने सुटात घागरभर पाणी ओतायला लावलं. शिवणीतून थेंबही गळला नाही. दुकानदाराची छाती फुगली.

"घे ना वं ताई, काहून एवढं तपासून राहिली?" गोविंदा म्हणाला.

"गळा पहा, केवढा ढिला. डोंगी उलटली का पाणी इथून शिरन, अन् हा इमानदार सूट त्याले बाहेर जाऊ देणार नाही."

मग तिने घट्ट रबरी गळ्याचा, ठिगळं लावलेला दुसरा सूट उचलला. गोविंदाने तो कसाबसा चढवला.

"ताई, गळा दाबून राहिला ना वं!"

"बोलता येऊन राहिलं न तुले? मंग दाबू दे."

तरीही त्याचा श्वास नीट चालतोय याची खात्री होईपर्यंत तिने त्याच्या छातीवर ठेवलेला हात काढला नाही.