नाकाला बांधलेला फेटा

मी एक जुनी पिकअप गाडी आहे. जुनी असले तरी मला कुणी खटारा म्हटलेलं खपत नाही, हे मित्रांनो, आधीच सांगून ठेवते. माझं डावं दार दोरीनं बांधलेलं आहे, वायपर एकच उरलाय, सगळं कबूल. पण माझं नाक बघा! बॉनेटच्या बाजूनं काचेच्याही वर गेलेला जाड पाइप आणि त्याच्या टोकाला पत्र्याची गोल टोपी. पंचाण्णव साली असं नाक आमच्या वाळवा तालुक्यात दुसऱ्या एकाही पिकअपला नव्हतं.

हे नाक घेऊन काही मी जन्मले नाही. मूळचं माझं नाक बॉनेटखाली दडलेलं, एवढंसं होतं. माझा मालक आकाराम रोज सकाळी माझ्यात दुधाच्या बावीस कॅन भरायचा आणि खिंड ओलांडून इस्लामपूरच्या चिलिंग सेंटरला पोचवायचा. गणपती उठले की आमचा रस्ता वाळायचा आणि अशी धूळ उडायची की विचारू नका. माझा एअर फिल्टर तुंबायचा आणि खिंडीच्या चढावर मला धाप लागायची. पोचायला उशीर, की दूध नासलंच म्हणून समजा.

दोनदा दूध नासल्यावर डेअरीच्या साहेबांनी आकारामला सुनावलं, "घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत रोज नऊच्या आत गाडी आली पाहिजे. एक दिवस जरी चुकलात, तर हा रूट धुळाच्या टेंपोला."

धुळा म्हणजे आकारामचा लहानपणापासूनचा दोस्त. पण टेंपो त्याचाही होता आणि पोट त्यालाही होतं.

आकाराम हबकला. घर या रूटवर चालत होतं. तो तडक सांगलीला गेला आणि भंगारात काढलेल्या एका ट्रकचा मोठा एअर फिल्टर आणि हा लांब पाइप घेऊन आला. मला वाटलं, आता मी विमानासारखी पळणार. कसलं काय! नाक मोठं झालं, पण चढावर मी होते तश्शीच.

"डिझेल कमी पडतंय," आकारामनं स्वतःच ठरवलं आणि पाना घेऊन माझ्या डिझेल पंपाचा स्क्रू चांगला दोन फेरे पिळला. शहाणपणाची हद्द! मी सुरू झाले आणि मागून असा काळा लोट सोडला की मलाच माझी लाज वाटली. त्याच दिवशी त्याच्या आईनं, हरणाबाईनं, दसऱ्याची धुणी काढली होती. नदीवरून धुऊन आणलेल्या सात वाकळा अंगणात वाळत होत्या. त्या साती काळ्या झाल्या.

"आरं मुडद्या, गाडी हाय का चूल?" हरणाबाईनं जे तोंड सोडलं ते मी तुम्हाला सांगू शकत नाही. तुम्ही लहान आहात.

शेवटी आकाराम मला कराडला कपिल मिस्त्रीकडे घेऊन गेला. डिझेल पंप लावण्यात या माणसाचा हात धरणारा कुणी नव्हता. त्यानं माझं बॉनेट उघडलं, नाक पाहिलं आणि हसायलाच लागला.

"नाक ट्रकचं, पोट पिकअपचं, आन् डिझेल तू मनानं घातलंयस व्हय रं?"

"मग नाक काढू का, कपिलदादा?"

"न्हाई, नाक चांगलं हाय. पन त्याला बगून पंप लावाय पायजे. घरात पीठ मळताना पानी कसं घालतेत? पिठाला बगून. उगंच ओतलं तर काय हुतंय?"

"लापशी."

"तुजी लापशीच झालीया."

कपिलनं पंप उतरवला, साफ केला, दुकानातल्या मशीनवर लावून पाहिला. एवढ्यावर थांबेल तर तो कपिल कसला! दुधाइतकं वजन व्हावं म्हणून कॅनमध्ये पाणी भरून तो आकारामबरोबर थेट आमच्या खिंडीत आला. मी चढ चढायचे आणि तो हौद्यात उकिडवा बसून मागचा धूर बघायचा. "थांब! जरा मागं घे." स्क्रू केसभर फिरवायचा. पुन्हा खाली, पुन्हा वर. सहाव्या खेपेला धूर दिसेनासा झाला आणि माझ्या अंगात असं बळ आलं की मी तिसऱ्या गिअरवर खिंड चढले. आयुष्यात पहिल्यांदा!

कपिलनं स्क्रूला तार ओवून सील ठोकलं. "ह्या नाकातनं जेवडी हवा येतीया, तेवड्यालाच हे डिझेल बेतलंय. हवा कमी पडली की पुना धूर. ध्यानात ठेव."

"ठेवतो की," आकाराम म्हणाला.

नवरात्राचे नऊ दिवस मी साडेआठलाच हजर! डेअरीचे साहेब घड्याळाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघायचे. मला जरा शिंगं फुटली होती, खोटं कशाला बोलू?

दसरा उजाडला. शेवटचा दिवस. आकारामनं मला घासूनपुसून धुतलं, झेंडूचा हार घातला. हरणाबाईनं हळदकुंकू वाहिलं आणि ट्रंकेतून गुलाबी फेटा काढून आणला. चांगला कडक खळ दिलेला.

"नऊ दिस हिनं घराची लाज राकली. हिला मान नगं व्हय?"

माझी टोपी गोल, अगदी डोक्यासारखी. आणि फेटा बांधावा तर आकारामनंच, असं सगळं गाव म्हणायचं. त्यानं त्या टोपीला असा करकचून फेटा बांधला की वाऱ्यानं हलणार नाही. वर तुरा, मागे शेमला. ज्या कपिलदादाचं बोलणं ध्यानात ठेवायचं होतं, तो बिचारा बसला कराडात.

मीही शहाणी नव्हे. फेटा मिळाल्याच्या आनंदात मी दम कोंडतोय हे मनावरच घेतलं नाही. सपाटीवर चाललंही. दसऱ्याच्या बाजाराला म्हणून हरणाबाई पुढच्या सीटवर बसली होती. वाटेत माणसं हात करत होती. "लय भारी दिसतीया गाडी!"

आणि खिंड आली. अर्ध्या चढावर माझा जीव घुसमटला. मागून काळा लोट निघाला आणि मी थांबले. नऊला पंचवीस मिनिटं कमी. हौद्यात बावीस कॅन, आणि ऊन तापायला लागलेलं.

मागून धुळाचा टेंपो आला. तो शीळ घालत निघून गेला असता, तर दुसऱ्या दिवसापासून रूट त्याचा होता. पण तो उतरला. "काय झालं गड्या?"

"पंप गेला! कपिलदादाचं सील तोडाय लागतंय." आकारामनं पक्कड काढून बॉनेट उघडलं. "तू जरा ॲक्सिलेटर दाबून धर."

धुळा माझ्या सीटवर चढून बसला. मी भुरभुरत होते, गचके देत होते. अरे बाबा, पंप नाही, नाक! पण माझी भाषा कुणाला कळते?

तेवढ्यात वारा फिरला आणि धूर पुढे आला. हरणाबाई खवळली. "साती वाकळा खाल्ल्यास, आता मानाचा फेटा बी काळा करतोस व्हय?" ती खाली उतरली, टायरवर पाय देऊन चढली आणि फेट्याचं टोक धरून ओढायला लागली. एक वेढा सुटला. दुसरा सुटला. माझ्या छातीत वारं शिरलं. शेवटचा वेढा निघाला आणि मी अशी गरजले की धुळा सीटवर दचकला.

"आकाराम, काय केलंस रं? सुटली की!"

"मी अजून कायबी केलं न्हाई!"

दोघांनी वर पाहिलं. हरणाबाई फेट्याचं गाठोडं छातीशी धरून उभी होती.

"माज्याकडं काय बगताय? माजं काय चुकलं व्हय?"

आकारामनं कपाळावर हात मारला. धुळा हसून हसून स्टिअरिंगवर आडवा झाला. आम्ही नऊला चार मिनिटं असताना पोचलो. साहेबांनी पहिली कॅन उघडली, वास घेतला आणि म्हणाले, "चांगलं आहे." एवढंच. पण आकारामच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते मला आरशात दिसलं.

पुढच्या दसऱ्याला हरणाबाई फेटा घेऊन आली, पण बांधला नाही. मी सुरू होते. तिनं टोपीखाली तळहात धरला. माझ्या श्वासानं तो आत ओढला गेला, तशी ती चपापली. "आगं बया, दम घेतीया ही!" मग तिनं पाइपाला लांबूनच कुंकवाचं एक बोट लावलं आणि फेटा आकारामच्या डोक्यावर ठेवला.

मित्रांनो, ज्याच्यावर तुमचा जीव आहे त्याला नटवा, मिरवा, हार घाला. पण आधी हात लावून बघा, तो श्वास कुठून घेतो ते.

आता मी गोठ्यामागे उभी असते. हौद्यात कोंबड्या अंडी घालतात. हरणाबाई फार थकली आहे, तरी दसऱ्याला काठी टेकत येते आणि टोपीखाली तळहात धरून उभी राहते. माझं इंजिन कधीच बंद पडलंय, ओढ काही लागत नाही. ती बराच वेळ तसाच हात धरते आणि आकारामला हळूच म्हणते, "गप ऱ्हा. झोपलीया."