आण्णा मिस्तरींची मिशी

मी सांगतोय ते तुम्हाला पटणार नाही. आजवर एकालाही पटलेलं नाही, आणि त्यात माझ्या सख्ख्या भावापासून सगळे आले. तरी सांगतो. मी नऊ वर्षं एका माणसाची मिशी वाचून हॅमर चालवला.

परवा चंदगडहून काजूची पिशवी घेऊन दादासो आले. आमच्या पुतणीचे सासरे. त्यांनाही हेच सांगायला बसलो. सोप्यात आम्ही दोघं समोरासमोर, आणि उंबऱ्याशी आमची ही, चिमणाबाई, लसूण सोलत.

"मिशी वाचून?" दादासो म्हणाले. "मिशी काय पेपर हाय व्हय?"

"पावणं, दम धरा की जरा."

उद्यमनगरात एका फोर्जिंगच्या कारखान्यात मी हॅमरवाला होतो. ऑइल इंजिनाचे रॉड ठोकायचो. माझा जोडीदार जोतीराम भट्टीतून लालभडक नग सांडशीनं काढून डायवर, म्हणजे साच्यावर धरायचा, मी दांडा ओढायचो आणि वरून अर्ध्या टनाचा घण खाली यायचा. वर पत्र्याची शेड. तिथं बोंब मारली तरी ती मारणाऱ्याच्याच तोंडात राहायची. म्हणून कुणी ओरडतच नसे. समोर उभं राहायचं, तोंड नीट हलवायचं, भुवया उडवायच्या. हलकं मार, जड मार, थांब, चहा आला, तुझा मेव्हणा गेटवर उभारलाय, सगळा कारभार ओठांवर.

पंधरा वर्षांत माझे कान गेले. कधी गेले ते मला कळलंही नाही, कारण शेडमध्ये सगळे सारखेच. कळलं ते घरात. ही स्टोव्हपाशी पाठमोरी बसून काहीबाही विचारायची आणि मी गप्प. हिला वाटलं, रुसलाय. मग हिनंही आठ दिवस अबोला धरला, तो मला समजलाच नाही.

उमगल्यावर मात्र बाईनं एकदाही आवाज चढवला नाही. समोर यायची, खांद्याला हात लावायची, खिडकीचा उजेड तोंडावर घ्यायची आणि मग बोलायची. लोक बहिऱ्याशी ओरडून बोलतात. ओरडताना तोंड वेडंवाकडं होतं, त्यातलं एक अक्षर हाती लागत नाही. उजेड पाठीमागं घेऊन उभा राहिला तर माणसाचं तोंड म्हणजे तवा. आणि ओठांवर सगळंच दिसतं असंही नाही. पान, बाण आणि मान, तिन्ही एकसारखे दिसतात. पण जेवण झाल्यावर समोरचा पानच विचारणार, बाण विचारत नाही. निम्मं डोळ्यानं वाचायचं, निम्मं डोक्यानं भरायचं.

"आता मिशीचं सांगा," दादासोंनी स्वतःच्या मिशीवर बोट ठेवून विचारलं.

आण्णा मिस्तरी नव्यानं आमच्या शेडवर आले, घण हलका की जड ते तेच सांगायचे; त्यांची मिशी म्हणजे खाली आलेली वळचण. तिच्यामागं ओठ आहेत की नाहीत, ते त्यांच्या मालकिणीलाच ठाऊक. त्यात गालात तंबाखूचा बार. पहिले सहा महिने मी जोतीरामच्या तोंडाकडं बघून दिवस ढकलले. मग मिशीचा अभ्यास झाला. डावं टोक उचललं की हलकं. उजवं उचललं की जड. मधोमध दबली की थांब. दोन्ही टोकं थरथरली तर मालक शेडमध्ये आलेत. पुढं पुढं तर मिस्तरी बोलायच्या आधीच मिशी मला सांगून मोकळी व्हायची. एकदा त्यांनी सकाळी घरी काय खाल्लं, तेही मी बरोबर सांगितलं.

"ते मिशीला लागलं असंल की!"

"पावणं, तुमी हुशार हायसा."

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात नेसरीला मिस्तरींचे वडील वारले. दहाव्याला डोकं उतरवलं, मिशी उतरवली. बारावा करून ते कामावर आले आणि माझ्यासमोर उभे राहिले. ओठ उघडे, लख्ख. दुसऱ्या कुणा बहिऱ्यानं नारळ फोडला असता. पण नऊ वर्षांत त्या ओठांची नि माझी कधी गाठच पडली नव्हती. मी मिशी शोधत राहिलो. त्यांनी थांब म्हटलं आणि मी दांडा ओढला.

जोतीरामनं हात मागं घेतला म्हणून वाचला. सांडशीचा पापड झाला. जोतीरामनं मला आईवरून एक शिवी घातली. ती मात्र मी स्वच्छ वाचली.

मिस्तरींनी मला शेडच्या बाहेर उजेडात नेलं आणि एकेक अक्षर सुटं करून विचारलं, "आकाराम, कान गेल्यात न्हवं तुझं?"

मी मानेनंच हो म्हटलं.

"आज जोत्याचा हात गेला असता. डाक्टरची चिठ्ठी आण. न्हाईतर उद्यापास्नं गेटवर बस."

चूक माझीच होती. पण गेट! शेडमध्ये मी कुणापेक्षा कमी नव्हतो. गेटवर हेल्मेट घातलेला माणूस तोंड न दाखवता विचारणार, ट्रकवाला वरून हाळी देणार, मालकाची गाडी पाठीमागून येणार. साऱ्या कारखान्यात बहिरा म्हणून मी एकटा तिथं उरणार होतो. मिशी परत येईपर्यंत रजा मागावी असंही मनात आलं, पण अर्जात कारण काय लिहायचं?

जोतीराम संध्याकाळी घरी आला. शिवी दिलेला माणूस, पण मनाचा मोठा. म्हणाला, "ह्याच्याम्होरं तोंडावर इश्वास न्हाई. मी उघडा पंजा वर केला की दांडा सोडायचा. पंजा खाली येईस्तवर हात लावायचा न्हाई." तो नियम आम्ही शेवटपर्यंत पाळला.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांकडं गेलो. एकटा. कुणाची मदत नाही.

डॉक्टरांनी मला स्टुलावर बसवलं आणि स्वतः पाठीमागं गेले. एक कान बोटानं दाबला. ते कुजबुजणार आणि मी तोच शब्द परत म्हणायचा. माझे डोळे पुढं, त्यांचे ओठ मागं. पण समोर औषधाचं काचेचं कपाट होतं. काचेत ओठ हलले. "कात्री," मी म्हटलं. "बैल," मी म्हटलं. डॉक्टरांना संशय आला, त्यांनी कपाटाचं दार उघडून काच फिरवली. टेबलावर स्टीलचा ट्रे होता, मी त्यात बघितलं. "लाडू." त्यांनी ट्रे उचलला. आता काय? तेवढ्यात खिडकीत कावळा येऊन बसला. कावळा माणसाकडं सरळ बघत नाही, एक डोळा तिरका लावतो. त्या डोळ्यात डॉक्टरांचे ओठ, मोहरीएवढे. "छत्री!" मी म्हटलं.

"कावळ्याच्या डोळ्यात?" दादासोंचा काजू तोंडापर्यंत जाऊन थांबला. "आन कावळा हलला न्हाई?"

"त्याला बी ऐकायचं हुतं की. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली, कान ठणठणीत. पुढं सहा वर्षं, दोन हजार तीनपर्यंत, मीच हॅमरवर."

चिमणाबाईनं लसणाचं ताट खाली ठेवलं. उठून माझ्या आणि दादासोंच्या मधे आली, म्हणजे मला नीट वाचता यावं.

"कुठला कावळा? खिडकीला जाळी हुती! पावणं, ह्यांच्याम्होरं दारात मी उभारलो हुतो. डाक्टर कुजबुजायचं आन मी तोंड हलवायचो. कात्री मी सांगितली, छत्री बी मीच. डाक्टरनं बघितलं मला, हसलं, आन चिठ्ठीत लिव्हलं की कान गेल्यात, पर म्होरनं बोललं तर सगळं कळतंय, हाताच्या खुणंवर कामाला ठेवायला हरकत न्हाई. ठणठणीत म्हणं! चिठ्ठी ट्रंकेत हाय अजून. आणू?"