उन्हाचा चौक

बागा आखणं हाच जिचा धंदा, तीच बाई 'इथं झाड लावू नका' म्हणून भांडते, असं गुजरातेतल्या डिंडोलीत कुणी पाहिलं नव्हतं. गायत्री भांडली. नव्या बागेच्या नकाशात तिनं कडेनं निंब, करंज, बसायला ओटे, पोरांना झोपाळे, सगळं दिलं आणि मधोमध मोठा दगडी चौक उघडा ठेवला. सावलीचं नाव नाही. पाणी साचू नये म्हणून जरासा उतार, वाऱ्याकडची बाजू मोकळी. तो दुपारी तव्यासारखा तापावा, म्हणूनच तिनं तसा आखला होता.

कारण आजूबाजूच्या घरांवर मजले चढले, गच्च्यांना कुलपं लागली आणि खान्देशी बायकांना कुरडया वाळवायला जागाच उरली नाही. गायत्रीची आई सुंदरा दोन उन्हाळे पलंगावर, पंख्याखाली कुरडया घालत होती. पंख्याखाली वाळलेली कुरडई! तळली की मेली फुलतच नाही, आणि जावई गालात हसतात.

नगरसेवक योगेशभाऊ बांधून झालेला चौक पाहून भडकले. ते मूळचे धुळ्याकडचे, याच गल्लीत वाढलेले; पण आता घरातसुद्धा गुजराती बोलायचे.

"गायत्रीबेन, उद्घाटनाला मोठे पाहुणे येणार. बागेत वाळवणं दिसली तर आपली अब्रू काय राहील? लॉन टाका, मधे फवारा."

"कुरडईनं अब्रू जाते, भाऊ?"

"नकाशा बदला."

"नाही बदलणार."

बोलून गेली खरी, नोकरी मागाहून आठवली. तरी शब्द मागे घेईल तर ती सुंदराची लेक कसली! भाऊंनी तिच्या ऑफिसच्या मालकाला, किरणभाईला, फोन लावला. संध्याकाळी निरोप आला: सकाळी मातीचा ट्रक येईल, चौक बुजेल. नव्या नकाशावर सही कर, नाहीतर घरी बस.

गायत्री घरी येऊन अहिराणीत फणफणली. सुंदरा भिजवून वाटलेल्या गव्हाच्या चिकावरचं आंबट पाणी ओतून टाकत होती.

"माय, सकायले चौक बुजी टाकतीन."

"सकायले?" सुंदरानं पातेलं खाली ठेवलं. "मना चीक तयार शे. तो काय त्यासना उद्घाटनपर्यंत थांबस का?" आणि पदर खोचून ती निघाली, थेट योगेशभाऊंच्या आईकडे, लीलाबाईकडे.

"अव माय, तठे नको जाऊ!"

"का? तिना बी गहू भिजेल शेतस."

सकाळी ट्रक आला तेव्हा चौकात धुतलेल्या साड्या अंथरलेल्या होत्या आणि साड्यांवर पांढऱ्याशुभ्र कुरडयांच्या ओळी. गल्लीतल्या बायका सोऱ्या दाबत होत्या. कडेला शेगडीवर चीक रटरटत होता. ड्रायव्हरनं खाली उतरून पाहिलं आणि कानाला हात लावला. अन्नावर चाक घालायचं पाप तो कशाला घेईल?

तेवढ्यात योगेशभाऊंची गाडी आली. ते तरातरा चौकात शिरू लागले.

"ए! बूट काढ पह्यले!" लीलाबाई कावळे हाकलायची काठी घेऊन उभ्या राहिल्या. "अन्न शे हाई!"

भाऊंचा पाय अधांतरीच राहिला. सगळी डिंडोली बघत होती.

"माय, तू आठे?" अहिराणीतच निघालं तोंडातून.

"मंग कोठे जाऊ? तुना बंगलानी गच्चीवर तू फरशी चकचकीत लावी, माले म्हणे डाग पडतीन. तठे बी नको, आठे बी नको. मंग आम्ही वाळत टाकानं कोठे, तुना डोकावर?"

बायका खो-खो हसल्या. लीलाबाई हसल्या नाहीत. त्यांचे डोळे भरले होते. भाऊंनी ते पाहिलं, मान खाली घातली आणि ड्रायव्हरला हातानंच 'जा' म्हटलं.

गायत्रीचा फोन वाजला. किरणभाई होते. "सही झाली का?"

"नाही, आणि व्हायची नाही," गायत्री म्हणाली. तिचा आवाज चढाच होता. "काम दुसऱ्याला द्यायचं तर खुशाल द्या. फक्त त्याला सांगा, चौकात येताना बूट काढून ये."