तुलनेचा नमुना

नणंदेच्या रोपवाटिकेवर शनिवारी यंत्र फिरणार होतं. कीड लागलेली रोपं तर जाणारच होती. प्रश्न परवान्याचा होता. शहरभरच्या बागा खाणारा पिठ्या ढेकूण तिनेच परदेशी रोपांबरोबर चोरून आणला असं ठरलं, तर परवाना कायमचा रद्द. आणि ते ठरवणारा अहवाल लिहायचा होता तिच्या वहिनीला. हे काम येणारी प्रयोगशाळेत ती एकटीच.

“झालं ना मनासारखं?” नणंद प्रयोगशाळेच्या दारातूनच म्हणाली. “लग्नापासून सलतेय मी तुझ्या डोळ्यांत.”

“वन्सं, मी किडे मोजते. माणसं नाही.”

“माहितीये. माणसांत असतीस तर घरी दोन शब्द बोलली असतीस.”

ती गेल्यावर वहिनीने निकाल उघडले. जनुकांवरून किड्यांची घराणी कळतात. बागांमधल्या सगळ्या किड्यांचं घराणं एकच होतं. रोपवाटिकेत ते होतं आणि आणखी एक होतं. नव्या जागी थोडेच किडे पोचतात, बाकीची घराणी मागे राहतात. म्हणजे कीड रोपवाटिकेतूनच बागांत गेली. वहिनीला वाईट वाटलं नाही, आणि हे तिचं तिला जाणवलं.

मग तिने तुलनेचा नमुना पाहिला. तुलनेला साधे, इथलेच ढेकूण हवेत, म्हणून तिने ते स्वतःच्या गॅलरीतल्या जास्वंदीवरून उचलले होते. त्यांत घराणी तीन निघाली. ती दोन, आणि तिसरं, जे फक्त नवरा कामासाठी राहून आला त्या देशात आढळतं. जास्वंद त्यानेच तिथून कपड्यांत गुंडाळून आणली होती. गेल्या वर्षी नणंदेने तिच्या चार फांद्या नेल्या. “एकदाचं काहीतरी दिलंस,” म्हणाली होती.

जेवताना वहिनीने हे सांगितलं. नवऱ्याने ताट बाजूला सारलं.

“तो नमुना वगळ. कुंडी मी सकाळी टाकून देतो.”

“वन्संचा परवाना जाईल.”

“तुला कधीपासून तिचा पुळका?”

“पुळका नाही. मला त्या अजूनही आवडत नाहीत.”

“मग?”

“घराणी तीन आहेत.”

सकाळी तो उठायच्या आत तिने कुंडी प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून प्रयोगशाळेत नेली. अहवालात ‘मूळ स्थान’ या रकान्यात स्वतःच्या घराचा पत्ता लिहिला, सही केली आणि नणंदेला फोन लावला.

“दादाचं नाव घातलंस?” सगळं ऐकून नणंदेने विचारलं.

“घातलं.”

“स्वतःच्या नवऱ्याला अडकवलंस?”

“रोप त्यांनी आणलं, वन्सं.”



“पुन्हा माझ्या दारात येऊ नकोस,” नणंद म्हणाली. परवान्याबद्दल तिने अवाक्षर काढलं नाही.