पिंट्याच्या पिंजऱ्यातली पायली

पिंट्यानं प्रेरणाचं बोट फोडलं तेव्हा अंबूबाई भाकरी थापत होती. पिठाच्या हातानंच ती ओटीवर धावली. नात बोट तोंडात धरून रडत होती आणि पिंजऱ्यात पिंट्या पोपट पिसं फुगवून, मान खाली घालून फुसफुसत होता. कालपरवापर्यंत हाच पोरीच्या खांद्यावर बसून तिच्या वेणीत चोच घालायचा.

सून हळद घेऊन आली. "आत्या, आधी मला चावला, मग ह्यांना, आता पोरीला. पिसाळलाय ह्यो."

"पिसाळतं कुत्रं. तुमीच कायतरी डिवचलं आसंल, राजेश्वरी."

तोंडानं असं म्हणाली, पण पोरीला तिनं पिंजऱ्यापासून लांब नेऊन बसवलं.

रात्री लोणावळ्याच्या हॉटेलातली पाळी संपवून निलेश जवळच्या औंढ्याला घरी आला. लेकीचं बोट बघून जेवायचाच थांबला. "आई, उद्या सुट्टी हाय मला. वलवणच्या धरणाकडं झाडीत सोडून येतो त्याला. डोळा फोडला पोरीचा तर काय करशील?"

एरवी लेकाला ती पुरतं बोलू देत नसे. आज त्याचं बोलणं पुरं झालं, आणि तेच तिला झोंबलं.

उंबराच्या ढोलीतून पडलेलं ते उघडंबोडकं पिल्लू तिनं तोंडात चावलेला भात भरवून जगवलं होतं. एक पंख वाकडाच राहिला. जमिनीवरून खाटेवर, एवढीच त्याची झेप. झाडीत सोडलं तर संध्याकाळ व्हायच्या आत घार उचलणार, नाहीतर मांजर.

तिनं काय कमी केलं होतं? पौषाची थंडी पडली तशी धान्य मापायची जुनी लाकडी पायली आडवी करून पिंजऱ्यात ठेवली, तिच्यात भाताचा पेंढा कोंबला. पाखरू खूश झालं, दिवसभर आतच बसू लागलं. मग चिडचिड सुरू झाली. थंडी बाधली म्हणून तिनं पेंढा वाढवला, वरून गोणपाट टाकलं. तो आणखीच चवताळला. दृष्टही काढून झाली.

सकाळी निलेश आंघोळीला गेला तशी ती पिंजऱ्यापाशी बसली. पेंढा बदलावा म्हणून पायलीकडं हात नेला, तर पिंट्यानं झेपावून अंगठा धरला. तिनं दात आवळले. दुसऱ्या हातानं पलीकडच्या बाजूनं शेंगदाणा धरला. अंगठा सोडून तो तिकडं गेला आणि तळहातावरून शहाण्यासारखा खाऊ लागला. तिनं परत हात पायलीकडं नेला. परत चोच. परत पलीकडं नेला. काही नाही.

आता तिनं वाकून पायलीत नीट पाहिलं. पेंढा दाबून मधे वाटीसारखा खळगा केला होता. कडेचं लाकूड कुरतडून भुगा खाली अंथरलेला. असे खळगे तिनं जन्मभर कोंबड्यांखाली बघितले होते.

चार वर्षं झाली तरी नर पोपटाच्या गळ्याला फुटतो तो रंगीत कंठ पिंट्याला फुटला नव्हता. अख्खी आळी मादी म्हणत होती आणि ती अख्ख्या आळीचं तोंड बंद करत होती.

निलेश गाडीची चावी घेऊन आला. "दे पिंजरा."

"मादी हाय ती. थंडीसाठी म्हनून म्या तिला ढोलीच करून दिली. अंड्यांवर बसलेल्या खुडूक कोंबडीखाली हात घातला तर ती काय मुका घील व्हय तुझा?"

दारात राजेश्वरी पदराआड हसली. "आत्या, मी म्हनत होते तवा—"

"तवा तू म्हनत होतीस. आता मी म्हनते."

निलेश हसला नाही. "मंग आता चावायची न्हाई?"

"चावंल. ढोली काढली म्हंजी खुडूक उतरंल, पन दिस लागत्यात. तवर पोरीला लांब ठेवा. पिंजरा माज्या खाटेपाशी राहील."

"आन न्हाई उतरली तर?"

पिंजऱ्यात हात घालून तिनं पायली ओढली. पिंट्या किंचाळत मनगटाला लटकला. रक्त आलं तरी तिनं हात मागं घेतला नाही. पायली बाहेर काढून तिनं पेंढा अंगणात झटकला.

निलेशनं आईचं मनगट बघितलं, चावी खिशात टाकली. "पुढच्या सुट्टीपातूर. मंग माझं आयकायचं."

"आयकीन," अंबूबाई म्हणाली. हा शब्द तिच्या तोंडून घरात कुणी ऐकला नव्हता.

तो गेल्यावर ती पिंजऱ्यापाशीच बसून राहिली. पायलीच्या जागी उरलेल्या काड्या ते पाखरू एकेक उचलत होतं, कोपऱ्यात नेऊन ठेवत होतं. मनगटाला पदर गुंडाळून अंबूबाईनं हात घातला आणि त्याही काड्या वेचून घेतल्या.

"चाव मला," ती म्हणाली. "पोरीला तेवढं चावू नगं."